लेकीला सांख्यिकी शिकायचीय : मोठं अनुदानित कॉलेज की छोटं खासगी विद्यापीठ?

डोंबिवलीची_वैशाली

नमस्कार मंडळी,

लेकीचा बारावीचा निकाल लागला. सायन्सला ८२ टक्के. इंजिनीअरिंग करणार नाही, हे तिने अकरावीतच सांगून टाकलं होतं. तिला स्टॅटिस्टिक्स करायचंय. गणिताची आवड लहानपणापासून आहे. आयपीएल चालू असली की वहीत कोणाचा स्ट्राइक रेट कसा बदलला त्याचे आलेख काढत बसते.

समोर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे माटुंग्याचं जुनं, अनुदानित कॉलेज. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, वर्षाची फी दहा हजारांच्या आसपास, आणि एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) एका तुकडीत शंभरावर मुलं. दुसरं नवी मुंबईतलं एक खासगी विद्यापीठ. तिथे बीएस्सी डेटा सायन्स, वर्गात फक्त ४० जागा, सगळं नवं कोरं आणि फी वर्षाला साडेतीन लाख. मी पतपेढीत नोकरी करते, हे अंबरनाथला एमआयडीसीत आहेत. कर्ज काढलं तर जमेल, पण ते कर्ज पुढे तिच्याच डोक्यावर बसणार.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पोरगी घरात अखंड बोलते, पण बाहेर चार माणसांत तोंड उघडत नाही. शंका आली तरी विचारत नाही, घरी येऊन पुस्तकात शोधते. शंभर जणांच्या वर्गात ती हरवून जाईल का? की मीच उगाच घाबरतेय? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फॉर्म भरायला आठवडाभर आहे.

पारलेकर_नंदू

वैशालीताई, छोटंच घ्या, असं मी स्वच्छ सांगेन.

माझा मुलगा असाच घुमा. आम्ही त्याला नावाजलेल्या मोठ्या कॉलेजात घातलं. पहिल्या वर्षी तो तीन आठवडे गेलाच नाही आणि कोणाला पत्ताही लागला नाही. आम्हाला कळलं ते थेट केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर. मग एका लहान खासगी कॉलेजात हलवलं. तिथे चौथ्या दिवशी गैरहजर होता तर बाईंचा घरी फोन, "बरं नाहीये का त्याला?" त्या एका फोनवर आमचं पोर सावरलं. फी जास्त होती, हो. गाडी घेणार होतो ती घेतली नाही. आजही त्याचं काही वाटत नाही.

लोअरपरळचा_बाळ

नंदूशेठ, तुमचा अनुभव खरा आहे, पण सगळ्यांना गाडी रद्द करून भागत नाही.

माझे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपात घर बसलं ते बसलंच. मी कॉलेजात गेलो तेव्हा आई डबे करायची. अनुदानित कॉलेज नसतं तर मी बारावीनंतर कुरियरच्या थैल्या वाहिल्या असत्या. आमच्या वर्गात १२० मुलं. हजेरी सुरू झाली की शेवटचा नंबर येईपर्यंत तासातली दहा मिनिटं गेलेली. खरंय, सरांना आमची नावं ठाऊक नव्हती.

पण ग्रंथालयातल्या बाईंना होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बुक बँकेचा फॉर्म दिला. पन्नास रुपये अनामत आणि वर्षभरासाठी सगळ्या विषयांचा संच. खाकी कव्हरं घातलेली सात पुस्तकं. प्रत्येकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या मुलांनी पेन्सिलीने आपलं नाव आणि वर्ष लिहून ठेवलेलं. फिजिक्सच्या पुस्तकावर अकरा नावं होती. माझं बारावं. घरी दहा बाय बाराच्या खोलीत ती पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचो.

आणि बाकावर शेजारी कोण? एक कुर्ल्याचा, एक उल्हासनगरचा सिंधी, एक दापोलीहून आलेला, मामाकडे राहणारा. त्या तिघांकडून जे शिकलो ते फी भरून मिळणारं नाही. ताई, मोठ्यात घाला.

घाटावरची_रमा

वाचतेय. माझा मुलगा पुढच्या वर्षी याच वळणावर आहे. वाचनखूण साठवली.

निवृत्त_मास्तर

तेहेतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी अनुदानित कॉलेजात. म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

धाग्यात "सरकारी म्हणजे मोठं, खासगी म्हणजे छोटं" असं गृहीत धरलं जातंय. मुंबईत ते तसं नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते कॉलेजं संलग्न करून घेण्यासाठी आणि परीक्षा घेण्यासाठी. आजही पदवीचा विद्यार्थी शिकतो तो कॉलेजात. विद्यापीठाच्या कलिन्याच्या संकुलातल्या विभागांत मुख्यतः एमए, एमएस्सी आणि पुढचं संशोधन चालतं. या विद्यापीठाची हद्द मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी करत थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते. त्यामुळे "मुंबई विद्यापीठ कसं आहे?" या प्रश्नाला काही अर्थ नाही. कॉलेज कसं आहे, त्यातला विभाग कसा आहे, हे विचारायचं.

ही अनुदानित कॉलेजं बहुतेक खासगी संस्थांचीच आहेत. रुईया १९३७ साली पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने काढलं. झेवियर्स १८६९ सालचं, जेझुइट पाद्र्यांचं. सिद्धार्थ कॉलेज बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलं. व्यवस्थापन संस्थेचं, पण मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम असतात, आयटी, डेटा सायन्स वगैरे. तिथल्या शिक्षकांचा पगार मुलांच्या फीतून निघतो. एकाच फाटकातून शिरणाऱ्या दोन मुलांच्या फीत कित्येक पटींचा फरक असू शकतो. तेव्हा फॉर्म भरताना कोर्स अनुदानित आहे की नाही ते नीट वाचा.

उलट बाजूही सांगतो. माटुंग्याचं जुनं युडीसीटी, आताचं आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचाच एक विभाग म्हणून सुरू झालं, २००८ साली अभिमत विद्यापीठ झालं. सरकारी अनुदानावर चालणारं, पण आकाराने लहान. सांख्यिकीच्याच जवळचं उदाहरण म्हणजे देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ सालची, केंद्र सरकारची. पदव्युत्तरला मोजकी मुलं घेते.

वैशालीताई, दोन्हीकडे जाऊन हे विचारा. सांख्यिकी विभागात पूर्णवेळ शिक्षक किती? मंजूर जागांपैकी भरलेल्या किती? तासिका तत्त्वावर किती जण येतात? अनुदानित कॉलेजांचं आजचं दुखणं हेच आहे. माणूस निवृत्त होतो, जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत आणि नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) झालेली हुशार पोरं तासाच्या हिशेबाने, या कॉलेजातून त्या कॉलेजात लोकल पकडत फिरतात. ती मनापासून शिकवतात, पण तास संपला की त्यांना पुढच्या कॉलेजला पोचायचं असतं. मग तुमच्या लेकीने शंका विचारायची कधी? खासगी विद्यापीठातही तेच विचारा, शिक्षक किती वर्षं टिकलेत?

लोअरपरळचा_बाळ

मास्तर, दंडवत. कोर्स अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित हा मुद्दा आमच्या भाचीच्या वेळी कळला असता तर फार बरं झालं असतं. कॉलेज जुनं म्हणून फी कमी असेल असं समजून गेलो होतो. खिडकीवर आकडा ऐकून आम्ही दोघं जिन्यातच बसलो.

अनघा_ठाणे

मुलींना शंभर टक्के फीमाफी झाली ना? मग प्रश्नच कुठे येतो?

निवृत्त_मास्तर

अनघाताई, तो २०२४च्या जुलैमधला निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. इंजिनीअरिंग, फार्मसी वगैरे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तर. साध्या बीएस्सीला तो लागू नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. "मुलगी आहे, फी माफ होईल" असं कोणी प्रवेशाच्या टेबलावर सांगितलं तर कागदावर लिहून मागा.

बाकी शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जुलैत तहसीलदार कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.

मीनल_पवई

मी एका विमा कंपनीत अ‍ॅनॅलिटिक्सच्या टीमसाठी मुलं निवडते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

डेटा सायन्स असं पदवीवर छापलेलं असलं म्हणजे काम येतं असं नाही. मुलाखतीला आलेल्या पोरांना मी एकच विचारते : हा एक साधा तक्ता, दोन गटांची सरासरी वेगळी दिसतेय, हा फरक खरा आहे की योगायोगाने आलाय हे कसं ठरवशील? पायथॉनमधलं तयार फंक्शन पटकन सांगणारे पुष्कळ भेटतात. ते फंक्शन आत काय करतं हे सांगणारे कमी. त्यांतले बरेचसे साध्या बीएस्सी स्टॅटिस्टिक्सवाले असतात, कारण त्यांनी तीन वर्षं वहीत हाताने गणितं केलेली असतात. प्रोग्रामिंग सहा महिन्यांत शिकवता येतं. संभाव्यतेचा पाया सहा महिन्यांत घालता येत नाही.

विमा क्षेत्रात अ‍ॅक्चुअरीच्या, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा असतात, त्या भारतीय अ‍ॅक्चुअरी संस्था घेते. तिथे कॉलेजचं नाव कोणी पाहत नाही. पुढे आयआयटीला एमएस्सी करायची असेल तर जॅम परीक्षा, तिच्यात मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर आहे. तिथेही तेच. पवईला आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेली एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजातून जॅम देऊन आली होती.

त्यामुळे ताई, दोन्हीकडचा अभ्यासक्रम डाउनलोड करून विषय शेजारी शेजारी मांडा. प्रोबॅबिलिटी, डिस्ट्रिब्युशन्स, एस्टिमेशन, टेस्टिंग, सॅम्पलिंग किती सत्रं आहे ते मोजा.

पारलेकर_नंदू

मीनलताई, पटतंय. पण ज्याला वर्गात बसवतच नाही त्याला पाया कुठून मिळणार? बाळासाहेबांसारखे लोक कुठेही टाकले तरी उभे राहतात. मी बोलतोय ते न विचारणाऱ्या पोरांबद्दल. मोठ्या संस्थेत शिरस्ता असा की ज्याला हवं त्याने यावं. न येणाऱ्याच्या मागे कोणी जात नाही. आणि ती मुलं आळशी नसतात हो, घाबरलेली असतात.

लोअरपरळचा_बाळ

नंदूशेठ, हे तुमचं म्हणणं मात्र काळजाला लागलं. आमच्या १२० मधले तीसएक एसवायला (दुसऱ्या वर्षाला) दिसलेच नाहीत. तेव्हा आम्ही म्हणायचो, "सोडलं असेल." का सोडलं ते विचारायला कोणी त्यांच्या घरी गेलं नाही. मीही नाही.

टीवायची_सुखदा

मी सध्या एका अनुदानित कॉलेजात टीवाय (तिसऱ्या वर्षाच्या) स्टॅटिस्टिक्सला आहे. कुठल्या ते नको विचारू. काकू, आतलं सांगते.

एफवायला शंभराच्या वर असतात हे खरं. पण तेव्हा तीन विषय असतात आणि सगळ्यांचे तास एकत्र. प्रॅक्टिकलला २०-२० च्या बॅच पडतात. तिथे सर टेबलाटेबलाशी येतात. टीवायला आमच्या विषयाला आम्ही २६ जण उरलो! म्हणजे पहिल्या वर्षी मोठं कॉलेज आणि तिसऱ्या वर्षी छोटंच. हे बाहेर कोणाला कळत नाही.

मीपण बोलायचे नाही. एफवायच्या पहिल्या प्रॅक्टिकलला द्विपद वितरण बसवायचं होतं, फिट करायचं म्हणजे, आणि माझ्या अपेक्षित वारंवारितांची बेरीज १०० ऐवजी ९७ येत होती. तीनदा केलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या हातातलं कॅल्क्युलेटर घेतलं आणि म्हणाल्या, "दशांशाची किती स्थळं धरतेयस?" मी दोनच धरत होते. त्या दिवसापासून त्या मला नावाने हाक मारतात. मी हात वर केला नव्हता. चूक केली होती, एवढंच.

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं. रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पण चौथं वर्ष सगळ्या कॉलेजांत नाहीये, ते आधी विचारा. आमच्याकडे अर्धी मुलं याच गोंधळात आहेत.

एक वाईट पण सांगते. ऑफिस. माझे इंटर्नलचे मार्क एका सत्राला चढलेच नव्हते, गुणपत्रिकेत गैरहजर. खिडकीवर पाच खेपा. शेवटी मॅडम स्वतः माझ्याबरोबर आल्या तेव्हा झालं. असल्या गोष्टींची तयारी ठेवा.

कोकणी_पोर

सुखदा, छान लिहिलंस गं.

माझं उलट झालं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकले. बीएला मराठीला आम्ही नऊ जण. सर घरी बोलवायचे, आई आजारी असली तर डबा पाठवायचे. माया होती, पण पुस्तकं नव्हती. मग एमएला कलिन्याला आले. सांताक्रूझ स्टेशनबाहेर बस मिळेना, चालतच निघाले. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात शिरले आणि एका विषयावर अख्खं कपाट भरून पुस्तकं असू शकतात हे पहिल्यांदा पाहिलं. कुठलं काढावं ते समजेना, म्हणून पहिल्या दिवशी नुसती नावं वाचून परत आले. लहान जागेने मला धीर दिला आणि मोठ्या जागेने भूक लावली. मला दोन्ही लागलं, पण या क्रमाने लागलं.

माटुंगा_ब्राह्मणवाडा

अवांतर : दादरला उतरून माटुंग्याकडे चालत येणाऱ्या मुलांनी सकाळी उपाशी येऊ नये. रामाश्रय हॉटेलात पहाटेपासून इडली मिळते. तिथे वाट बघत उभं राहिलं तरी अर्धी एफवायची बॅच भेटते. आमच्या वेळी सेमिनारची तयारी रुईया नाक्यावरच्या कट्ट्यावर व्हायची. पुस्तक एकाचं, चहा दुसऱ्याचा आणि पाठांतर तिसऱ्याचं.

कोकणी_पोर

आणि पेपरात उत्तर चौथ्याचं! 😄

सॅनहोजेचा_सातारकर

इकडचं लिहितो, कारण "लहान वर्ग" हा शब्द बहुतेक इकडूनच जाहिरातींत आलाय.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. एका बाजूला बर्कले, मिशिगनसारखी राज्यांची मोठी विद्यापीठं. बर्कलेच्या संगणकशास्त्राच्या पहिल्या कोर्सला हजाराहून जास्त मुलं बसलेली आहेत. प्राध्यापक व्याख्यान देतो आणि मग विद्यार्थी-सहायक छोट्या गटांत उजळणी घेतात. दुसऱ्या बाजूला विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, स्वार्थमोरसारखी कॉलेजं. अख्ख्या कॉलेजात दोनेक हजार किंवा त्याहून कमी मुलं. तिथे पीएचडीची मुलं जवळजवळ नसतातच, त्यामुळे प्राध्यापकाला संशोधनात मदतीला पदवीचंच पोरगं घ्यावं लागतं. लहान कॉलेजचा खरा फायदा हा.

पण त्या कॉलेजांमागे शंभर-दोनशे वर्षांच्या देणग्यांचा निधी आहे आणि गरजू मुलांना ती भरघोस मदत करतात. प्राध्यापक कायम नेमणुकीवर असतात, तीस-तीस वर्षं एकाच गावात राहतात. ते नसेल, तर ४० जागांचा वर्ग म्हणजे फक्त ४० खुर्च्या. म्हणून मास्तरांचा प्रश्नच खरा, शिक्षक किती वर्षं टिकलेत?

नेरूळ_सेक्टर_दहा

मला हेच लिहायचं होतं.

माझी मुलगी एका छोट्या खासगी संस्थेत गेली. नाव देत नाही. वर्गात ३० जागा होत्या, भरल्या ११. पहिलं वर्ष स्वप्नासारखं गेलं. एक तरुण सर होते, जीव तोडून शिकवायचे, मुलं रात्री मेसेज करायची तर उत्तर यायचं. दिवाळीनंतर सरांना परदेशी पीएचडी मिळाली आणि ते गेले. अख्खा कोर्स त्या एका माणसावर उभा होता. पुढचे चार महिने दुसऱ्या विभागाच्या बाई येऊन स्लाइड वाचायच्या. वर्षअखेर संस्थेने सांगितलं, पटसंख्या कमी आहे, तुमचा कोर्स दुसऱ्यात मिसळतोय. फी परत मिळाली नाही. लेक त्या रात्री जेवली नाही. "सर गेले तर माझा विषयच गेला, बाबा," असं म्हणाली.

छोट्या जागेत माणूस जवळचा असतो, पण एक वीट निखळली की भिंत पडते. मोठ्या विभागात चार जण असतात. एक गेला तर तिघं ओढून नेतात.

तेव्हा ताई, त्या ४० पैकी गेल्या वर्षी किती जागा भरल्या, ते विचाराच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, आणि तेही गेटबाहेर.

निवृत्त_मास्तर

नेरूळकर, वाचून वाईट वाटलं. मुलगी आता कशी आहे?

नेरूळ_सेक्टर_दहा

बरी आहे सर. वर्ष वाया गेलं, पण ठाण्याच्या कॉलेजात पुन्हा एफवायला बसली. आता एसवायला आहे. मैत्रिणींपेक्षा वर्षाने मोठी म्हणून सगळ्या तिला ताई म्हणतात, ते तिला आवडतं.

पारलेकर_नंदू

माझं मत बदललं असं म्हणत नाही, पण एवढं मान्य करतो की आमच्या पोराला जी बाई भेटली ती त्या कॉलेजात बावीस वर्षं होती. हे आधी लिहायला हवं होतं. फोन छोट्या वर्गामुळे आला असं मी समजत होतो. आता वाटतंय, तो त्या बाईमुळे आला.

डोंबिवलीची_वैशाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचे प्रश्न वहीत लिहून घेऊन गेले. दोन्ही ठिकाणी लेकीला बरोबर नेलं.

आधी नवी मुंबईला गेलो. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, मग रिक्षा. इमारत सुंदर आहे. प्रयोगशाळेत प्रत्येकापुढे दोन पडदे. शिकवणाऱ्या मॅडम फार प्रामाणिक वाटल्या. किती वर्षं इथे आहात असं विचारलं, तर म्हणाल्या, आठ महिने. विभागात सगळ्यात जुन्या त्याच. ४० पैकी गेल्या वर्षी १९ जागा भरल्या होत्या. मीनलताई, तुम्ही सांगितलं तसे विषय मोजले. टेस्टिंग ऑफ हायपोथेसिस एका पेपरचा अर्धा भाग आहे.

परवा माटुंग्याला गेलो. विभाग तिसऱ्या मजल्यावर. लांब लाकडी टेबलं, त्यांवर पेनाच्या टोकाने कोरलेली नावं. भिंतीवर प्रसामान्य वितरणाचा तक्ता, प्लास्टिकच्या आवरणात, कोपरे पिवळे पडलेले. मंजूर पाच जागांपैकी तीन भरलेल्या, बाकी तासिकेवर. हे विभागप्रमुख सरांनी न लपवता सांगितलं. चौथं वर्ष आहे.

सर माझ्याशी बोलत होते आणि ही तक्त्यासमोर उभी होती. सरांनी विचारलं, "काय बघतेस?" मला वाटलं, आता ही मान खाली घालणार. तर म्हणाली, "सर, १.९६ ला ०.९७५ दिलंय, पण आमच्या पुस्तकातल्या तक्त्यात ०.४७५ होतं. पुस्तक चुकलंय का?" सर खुर्चीवरून उठले. खडू घेतला, फळ्यावर घंटेसारखा वक्र काढला, अर्धा भाग रेघांनी भरला आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत. तुझं पुस्तक कुठून मोजायला सुरुवात करतं ते सांग." ती म्हणाली, "मधून." सर म्हणाले, "आणि हा तक्ता?" तिने फळ्याच्या अगदी डाव्या टोकाला बोट लावलं. पंधरा मिनिटं दोघं बोलत होते. मी दाराशी उभी होते. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

परत येताना ठाणे गेलं तरी ती त्याच्याबद्दलच बोलत होती. गाडीला खच्चून गर्दी, आणि ही मोठ्याने!

फॉर्म माटुंग्याचा भरला. पहिल्या वर्षाची गर्दी आहेच, त्याला इलाज नाही. नंदूदादा, तुमची धास्ती मनात ठेवलीय. दर महिन्याला तिची हजेरी मी स्वतः विचारणार आहे.

आता दोन गोष्टी. रेल्वेच्या कन्सेशनचा फॉर्म कॉलेज सुरू झाल्यावर किती दिवसांत मिळतो? आणि एफवायची जुनी पुस्तकं कोणाकडे असतील तर मला निरोप पाठवा, विकत घेऊ.

टीवायची_सुखदा

काकू, कन्सेशन आयकार्ड मिळाल्यावर लगेच. पहिल्या आठवड्यात रांग असते, तिला तास संपल्यावर जायला सांगा.

पुस्तकं माझ्याकडे आहेत, विकायची नाहीत. मी पण डोंबिवलीचीच, फडके रोडला. रविवारी सकाळी गणपती मंदिरापाशी भेटूया, तिला घेऊन या. दोन पुस्तकांची कव्हरं गेलीत, पण आतली सोडवलेली गणितं चालतील तिला.

लोअरपरळचा_बाळ

सुखदा, देण्याआधी शेवटच्या पानावर तुझं नाव आणि वर्ष लिही. पेन्सिलीने.

टीवायची_सुखदा

लिहिलं, काका. माझ्या आधी तीन आहेत.